बत्ताशीच्या डोळ्यातली लाली

पिराजीच्या घरात धड डोळे एकट्या पिराजीला होते, आणि तरी बत्ताशीचा डोळा गळतोय हे आधी दिसलं ते कस्तुराबाईला.

कस्तुराबाईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. डावा अजून पिकायचा होता. शिबिरात मिळालेला जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठरत नव्हता, म्हणून तिनं तो सुतळीनं डोक्यामागं आवळला होता. त्या भिंगातून सगळंच थोराड दिसायचं. चुलीतला निखारा टमाट्याएवढा, नवऱ्याच्या मिशा केरसुणीएवढ्या. "इतकी वर्सं ह्यास्नी समोर बसवून म्या भाकर खाल्ली व्हय गं?" असं ती शेजारच्या मालनबाईला म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत ते पांढरवाडीच्या वेशीपर्यंत पोचलं.

तर त्या भिंगातून तिला बत्ताशीचा डावा डोळा दिसला. अर्धा मिटलेला, कडेनं लाल, आणि त्यातून पाण्याची धार लागून गालावरची पांढरी लव काळपट झालेली.

"अवो, हिकडं या. घोडी रडतीया."

"घोडी कशाला रडंल," पिराजी बाजेवरून म्हणाला. "तिचं लगीन कुठं झालंय?"

बत्ताशीचं लग्न झालं नव्हतं हे खरं, पण पंचक्रोशीतले निम्मे संसार तिच्या पाठीवरून सुरू झाले होते. पुढं ते कसे चालले, त्याला घोडी जबाबदार नव्हती. पिराजीचा बाप निजामाच्या अमलात तालुकदाराच्या तबेल्यात मोतद्दार होता. घोड्याला खरारा करता करता त्याला घोड्याचं वेड लागलं आणि ते पोराला देऊन तो गेला. माळेगावच्या जत्रेतून पिराजीनं ही घोडी शिंगरू असताना आणली. रंग असा पांढरा की नाव ठेवायला कुणाला विचारावं लागलं नाही. मुंडावळ्या बांधलेला पोरगा बत्ताशीवर बसून मारुतीला गेल्याशिवाय त्या भागात लग्न लागल्यासारखं वाटत नसे, आणि लगाम धरून पुढं चालणाऱ्या पिराजीला त्या दिवसापुरतं सगळं गाव "पिराजीराव" म्हणे. बाकीच्या दिवसांत राव गळून पडायचा.

पण एक होतं. नवरदेवाच्या घोडीला दोन्ही डोळे पाहिजेत. घोडी म्हातारी चालेल, चावरी चालेल, पण काणी चालणार नाही. तिनं नवऱ्या मुलाची वाट अर्धीच बघितली तर संसारही अर्ध्यातच राहतो, अशी त्या भागातली समजूत. डोळा गेलेली घोडी मग एक तर टांग्याला जाते, नाही तर वीटभट्टीवर विटा वाहायला. वीटभट्टीवर गेलेली घोडी परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

पिराजी बाजेवरून उठला तो ह्या विचारानं.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. तेरणेच्या पात्रात वाळू उकरून बायका वाटीनं पाणी भरत. गेल्या साली लग्नं निघाली नाहीत, तेव्हा बत्ताशी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांना पाणी पोचवायला लागली. नवरदेव वाहणारी घोडी घागरी वाहू लागली. लोक हळहळले आणि पाणी प्याले. तिथंच कधीतरी हातोड्याखालून दगडाचा कपचा उडाला असणार.

तेरला जनावरांचा दवाखाना होता. लिंबाखाली घोडी बांधून दोघं उभे राहिले. डॉक्टर गायसमुद्रे परभणीला शिकून आलेला, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला, बोलायला मऊ माणूस. त्यानं चहा मागवला. पिराजीनं घेतला नाही, पित्त झालंय म्हणाला. पिराजीला पित्त अशाच ठिकाणी व्हायचं. कस्तुराबाईनं तिचा घेतला आणि त्याचाही घेतला.

डॉक्टरनं कागदाची एक पट्टी ओली करून बत्ताशीच्या डोळ्याला टेकवली. डोळ्यात हिरवंगार पाणी पसरलं. मग त्यानं डोळा धुतला. सगळी हिरवळ वाहून गेली, एक ठिपका तेवढा राहिला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"जिथं हिरवं राहिलं तिथं जखम," तो म्हणाला. "मावशी, डोळ्याच्या पुढं एक काच असते. तिला चीर गेलीय. आणि चिरेत जंतू शिरलेत."

"मग आता?"

"हे मलम. ह्यानं जंतू मरतात. जखम भरायची ती डोळ्याची डोळा भरतो, आपण फक्त राखण करायची. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा घाला. अंधारात बांधा. डोळा लाल दिसेल, पाणी येईल, घाबरू नका. अंग कामाला लागलंय, त्याची ती लाली." मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा आवाज जरा कडक झाला. "आणि दुसरं काही घालायचं नाही. मध नाही, सुरमा नाही. बांगडीची पूड करून फुंकायची नाही. पोराचं मूत तर नाहीच नाही."

कस्तुराबाईला ते लागलं. "आमी काय तितकं अडाणी हाव व्हय, डाक्टर? माझं आपरेशन सोलापूरच्या डाक्टरानं केलंया."

"मग काळजीच नाही," गायसमुद्रे हसून म्हणाला. हे हसणं त्याला पुढं बरेच दिवस आठवत राहणार होतं.

मलम घालणं सोपं नव्हतं. पिराजी लगाम धरायचा, कस्तुराबाई पापणी उघडायची, बत्ताशी मान झटकायची, आणि निम्मं मलम कस्तुराबाईच्या चष्म्याला लागायचं. उरलेलं पिवळं लोणी होऊन घोडीच्या पापण्यांवर थापलं जायचं. डोळा लालच होता. उलट मलमानं चिकटून अजून बेकार दिसायला लागला. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. बाहेरचं दिसत होतं तेवढं वाईट होतं.

अशात आबाराव आला.

आबाराव म्हणजे सोसायटीचा चेअरमन, दूध संघाचा चेअरमन, आणि शाळेच्या कमिटीवरही तोच. नेत्रशिबिर त्यानंच घेतलं होतं, सोसायटीच्या गोडाऊनात. दुष्काळामुळं खताची पोती आलीच नव्हती, गोडाऊन रिकामं होतं. तिथं त्यानं खाटा मांडून म्हाताऱ्या निजवल्या आणि प्रत्येकीबरोबर फोटो काढून घेतला. पट्टी बांधलेल्या त्या बायांना फोटोत आपल्या शेजारी कोण उभं आहे ते दिसायची सोय नव्हती. आबारावाच्या थोरल्या पोराचं लग्न ठरलं होतं.

"काय पिराजी," तो गोठ्याच्या दारातून म्हणाला, "घोडीनं डोळा का मारलाय? माझ्यावर मन आलं काय हिचं?"

"दुखतोय जी आबा. होईल बरा. मलम चालू हाय."

"कवा होईल?"

"डाक्टर म्हनला, डोळ्याची डोळा भरतो."

"डोळ्याला पत्रिका धाडलीया का लग्नाची? त्याला तारीख कशी कळणार?" आबाराव आपल्याच बोलण्यावर हसला आणि मग हसणं पुसून टाकलं. "पिराजी, व्याही बार्शीचे हायत. आडतवाले. जोखून घेणारी माणसं. काणी घोडी बघितली तर म्हणतील, पांढरवाडीत मानसं आंधळी अन् घोडी काणी, म्हणून चेअरमन नेत्रशिबिरं घेतोय. हळदीपर्यंत डोळा उघडला तर बत्ताशी. न्हाय तर सोलापूरहून घोडी येती, सजवलेली, छत्रीसकट. आन एकदा का सोलापूरची घोडी गावानं बघितली..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. आबाराव वाक्यं अर्धी सोडायचा. उरलेलं ऐकणारा घरी जाऊन पुरं करायचा.

पिराजीनं ते पुरं केलं आणि जेवला नाही. कस्तुराबाईनंही पुरं केलं, पण ती बसून राहणारी बाई नव्हती. भिंतीतल्या कोनाड्यात, तुळजाभवानीच्या तसबिरीशेजारी, तिच्या डोळ्याचं औषध होतं. शिबिरात दिलेली ती बाटली अंगठ्याएवढी. पट्टी सुटली तेव्हा तिचाही डोळा असाच लाल होता, असाच गळत होता. ते थेंब घातले आणि लाली कशी पाटीवरचं पुसल्यासारखी गेली. सोलापूरच्या डॉक्टरचं औषध होतं ते. मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर, माणसांचा. माणसाला लागू पडलेलं जनावराला पडणार नाही, असं कुठं असतं? गायसमुद्रेनं मध नको म्हटलं होतं, सुरमा नको, पूड नको. तिनं त्याची सगळी यादी मनात चाळून बघितली. ह्या औषधाचं नाव त्यात नव्हतं. आणि औषध उरलेलं होतं ते तिच्याच वाटणीचं. तिच्या डोळ्याला अजून चालू ठेवा म्हणाले होते. पण आपल्याला काय, दिसतंय तेवढं पुष्कळ आहे. घोडीला दिसलं पाहिजे.

थेंब घालणं मलमासारखं नव्हतं. बत्ताशीनं मानही हलवली नाही. जणू ह्याचीच वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी डोळा अर्धा उघडला. त्याच्या पुढच्या दिवशी पुरा. लाली ओसरली, पाणी थांबलं, गालावरची लव वाळून पुन्हा पांढरी झाली. मलमाची नळी कोनाड्यात मागं सरकली ती तिथंच राहिली. पिराजीनं बत्ताशीला दोन्ही बाजूंनी बघितलं, मागून बघितलं, आणि बायकोकडं बघून म्हणाला, "कस्तुरे, तू डाक्टरीन व्हायची ती माझ्या गळ्यात पडलीस."

"मंग काय तर. तुमच्या मिशा बघायच्या राहिल्या असत्या."

मालनबाई बघायला आली, तिच्या मागून चार बाया आल्या. कस्तुराबाईनं बाटली उंच धरून दाखवली, कशी घालायची ते दाखवलं, किती थेंब ते सांगितलं, आणि त्या दवाखान्याच्या मलमानं कसं वाटोळं होत होतं तेही सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती, पण सांगताना बरं वाटत होतं. आबाराव सोसायटीच्या ओट्यावर म्हणाला, "माझ्या शिबिराचं औषध हाय. मानसं तर बघतातच, आता जनावरं बी बघायला लागली." घोडी ठरली. सोलापूरला निरोप गेला नाही.

एका दुपारी ऊन कलताना तिरपी तिरीप गोठ्यात शिरली आणि बत्ताशीच्या तोंडावर पडली. कस्तुराबाई थेंब घालायला वाकली होती. भिंगातून तिला डोळ्यावर एक खळी दिसली. पिठाच्या गोळ्यावर बोट टेकवून काढून घ्यावं, तशी. खळीच्या कडा ओल्या साबणासारख्या मऊ, बुळबुळीत. ती बराच वेळ बघत राहिली. जखम भरतीय, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण मनातल्या मनात म्हणून भागलं नाही. आणि रोजच्यापेक्षा जास्त थेंब घातले.

त्यानंतर तिनं तिरीप यायच्या वेळी गोठ्यात जायचं टाळलं. बत्ताशी आता खिंकाळत नव्हती. दावणीला डोकं लावून उभी असायची, डोळा उघडा, लख्ख, कुठंच न बघणारा. माशा बसल्या तरी डाव्या बाजूचा कान हलायचा नाही. पिराजीला वाटायचं, घोडी शहाणी झाली. कस्तुराबाईला वाटायचं, घोडी कसला तरी कानोसा घेतीया.

हळदीच्या दिवशी गायसमुद्रे जनावरांना घटसर्पाची लस टोचत गावात आला. येता येता पिराजीच्या दारात थांबला. "उघडला का डोळा?" असं विचारत हसत आत शिरला आणि गोठ्याच्या मधोमध त्याचं हसणं थांबलं. बरा झालेला डोळा बघून कुणाचं तोंड असं पडलेलं कस्तुराबाईनं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं पट्टी काढली, ओली केली, टेकवली, धुतली. ह्या खेपेला हिरवं वाहून गेलं नाही. डोळ्यावर एक रुंद हिरवं कडं उमटलं आणि कड्याच्या मधोमध एक ठिपका काळाभोर, रंग न धरलेला.

"बघा," पिराजी खूश होऊन म्हणाला, "मधी रंग बसला न्हाय. मधलं बरं झालं."

"मधी रंग बसायला काही उरलंच नाही," गायसमुद्रे हळूच म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तर काही सांडेल. "कांद्याच्या पापुद्र्याएवढी कातडी राहिलीय. तेवढ्यावर डोळा थांबलाय. काय घातलंत?"

कस्तुराबाईनं बाटली आणून दिली. त्यानं ती उजेडात धरून वाचली आणि तिथंच गव्हाणीच्या कडेवर टेकला.

"वाईट औषध आहे का, डाक्टर?"

"वाईट नाही, मावशी. तुमच्या डोळ्याला हेच पाहिजे होतं. ह्यात दोन औषधं आहेत. एक जंतू मारतं. दुसरं लाली उतरवतं." त्यानं बाटलीचं झाकण घट्ट आवळलं. "भिंत पडली की गवंडी येतात, चिखल होतो, आरडाओरडा होतो. ती लाली. तुमची भिंत डॉक्टरनं बांधूनच दिली होती, नुसता आरडाओरडा थांबवायचा होता. हिची भिंत पडलेली होती. ह्या थेंबांनी गवंडी घालवून दिले. घर शांत झालं, आणि भिंत आतून विरघळत राहिली. वर, जंतूंशी लढणारंही अंगच असतं, त्याचेच हात बांधले, म्हणून उरलेले जंतू मोकळे सुटले." मग बाटलीकडं बघत म्हणाला, "मी मधाचं नाव घेतलं, सुरम्याचं घेतलं. ह्याचं घ्यायचं राहून गेलं."

"काय करायचं सांगा," ती म्हणाली. "म्या करते."

"पापण्या शिवून टाकू. आतून आधार मिळेल. माझ्याजवळ आता नुसती लसच आहे. सामान धाराशिवहून आणावं लागेल. उद्या दुपारच्या एसटीनं येतो. तोवर हिला हलवू नका. डोकं घासू देऊ नका, लगाम चढवू नका. ढोल-ताशा तर कानावर पडू देऊ नका. शिंक आली तरी जाईल असा डोळा आहे हा. मात्र सांभाळलं तर राहील. बघायला कमी येईल, पण राहील."

पिराजीनं "व्हय" म्हटलं. गायसमुद्रेची सायकल वळणापलीकडं गेली, आणि पिराजीनं पागोटं डोक्यावर ठेवून आबारावाच्या वाड्याची वाट धरली. कस्तुराबाई मागून निघाली.

तिथं मांडवात बार्शीचे व्याही बसले होते. आबारावानं ऐकून घेतलं, उठला, आणि चार पाहुणे घेऊन सरळ गोठ्यातच आला. सगळ्यांनी बत्ताशीचा डोळा बघितला. पांढऱ्यात लालीची रेघ नाही. पाण्याचा थेंब नाही. पूर्ण उघडा, चकचकीत.

"ह्यात काय झालंय?" एक पाहुणा म्हणाला.

"डाक्टर म्हनतो, फुटंल," पिराजी म्हणाला, पण डोळ्याकडं बघता बघता त्याचा आवाज बसत गेला.

"कंचा डाक्टर? गायसमुद्रे? आरं, नावातच गाय हाय त्याच्या, घोडीचं त्याला काय ठावं!" आबाराव म्हणाला आणि पाहुणे हसले. "आधी लाल होता तवा म्हनला घाबरू नका. आता पांढरा हाय तर म्हनतो घाबरा. ह्याला कवातरी बरा झालेला चालतो का न्हाय?"

कस्तुराबाई पुढं झाली. "आबा, माझं ऐका. डोळ्यात खळी पडलीया. म्या बघितलीया ह्या चष्म्यातनं. तुमच्याच चष्म्यातनं."

आबारावाची बायको द्वारकाबाई मागं उभी होती, हळदीच्या हातांनी. ती म्हणाली, "कस्तुरा, डोळा बरा झाला म्हणून तूच की गं गावभर सांगितलंस. बाटली नाचवत."

"तवा म्या चुकले, वैनी."

"मंग आत्ता कशावरनं चुकत न्हाईस?"

गावात कस्तुराबाईचा शब्द आठवडाभर चांगला चालला होता. आता तोच तिच्या तोंडावर कडी लावून बसला. तिनं पुन्हा एकदा पाहुण्यांकडं बघितलं. ती माणसं डोळ्याकडं बघत होती आणि त्यांना फक्त तिचं यश दिसत होतं.

लग्नाच्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच आबारावाची माणसं झूल आणि फुलं ठेवून गेली. वरात लवकर काढायची होती, पाहुण्यांना परतायचं होतं. पिराजीनं लगाम हातात घेतला. कस्तुराबाई गोठ्याच्या दारात पाय पसरून बसली होती.

"बाजूला हो कस्तुरे."

"डाक्टर येतोय."

"वरात झाली की लगीच टाकं घालू. मारुतीपसवर जायचं अन् यायचं. किती लांब हाय?"

"लगाम चढवू नगा म्हनला त्यो. एक डाव तरी त्याचं ऐका. चहा न्हाय घेतला तर न्हाय, शब्द तरी घ्या."

पिराजी तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा तिच्या भिंगात गोठ्याच्या दाराएवढा झाला. "आज घोडी न्हाय गेली तर सोलापूरची येती. मोटारीत घालून आनतील. आन एकदा का गावानं ती बघितली..."

त्यानंही वाक्य तिथंच सोडलं. कस्तुराबाई बसून राहिली. बाहेर मांडवाकडून हलगीचा आवाज यायला लागला होता. मग ती उठली आणि बाजूला झाली. तिला कुणी ओढलं नाही. दारात जागा झाली, एवढंच.

पिराजीनं लगाम जपून चढवला. जीव मुठीत धरून, पट्टा डोळ्यापासून दूर ताणत. बत्ताशीनं चढवू दिला. पट्टा कानामागं बसला, आणि तेव्हाच वेशीवर बँडवाल्यानं ड्रमवर पहिला ठोका टाकला. बत्ताशीनं दचकून मान वळवली आणि डावा गाल खांबाला लागला. जोरात नाही. माणूस उशीला टेकतो तसा.

आवाज काहीच झाला नाही. गालावरून एक कोमट, दाट धार आली आणि थांबली. बत्ताशीच्या सगळ्या अंगावरून थरथर गेली, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि मग ती अगदी स्थिर उभी राहिली.

पिराजीनं बघितलं. बघून त्यानं गोठ्याबाहेर कुणी आहे का ते बघितलं. मग फुलांच्या माळा उचलल्या. कपाळावरून दोन्हीकडं सारख्या सोडायच्या माळांतल्या उजवीकडच्या त्यानं काढल्या आणि डावीकडं आणल्या. शेवंती, झेंडू, पुन्हा शेवंती. गाठ बसेना.

"अवो," कस्तुराबाई म्हणाली.

"आता राहिलंय काय?" पिराजी म्हणाला. त्याच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. "जायाचं ते गेलं. आता पडदा तरी राहू दे."

कस्तुराबाईनं पदरानं बत्ताशीचा गाल पुसला. तो पदर तिनं आत वळवून कमरेला खोचला, डाग दिसू नये म्हणून. मग पिराजीच्या हातातल्या माळा घेतल्या आणि गाठ स्वतः मारली. घट्ट बसली.

वरात निघाली. पोरगा मुंडावळ्या बांधून वर बसला. पिराजी लगाम धरून पुढं, आणि कस्तुराबाई डाव्या बाजूला, घोडीच्या गालाला गाल लावल्यासारखी. बायकांच्या घोळक्यातून कुणी म्हणालं, "कस्तुराबाईला लईच माया बाई घोडीची." बत्ताशी चालत होती. पण तिला डावीकडची दुनिया सापडत नव्हती. दोन पावलं टाकली की ती सगळी मान डावीकडं वळवायची, उजव्या डोळ्यानं तिकडचं बघायला, मग समोरचं हरवायचं म्हणून मान परत उजवीकडं. डावी, उजवी. प्रत्येक वळणाला फुलांच्या माळा झुलायच्या आणि कस्तुराबाईचा हात त्यांच्यावर दबायचा.

"बघा, बघा!" आबाराव व्याह्यांना म्हणाला. "नाचतीया कशी! आहे का सोलापुरात असली?"

देवळाच्या पाराशी गायसमुद्रे उभा होता, एसटीतून नुकताच उतरलेला, बॅग हातात. त्यानं घोडीची मान दोनदा वळलेली बघितली. त्याला आणखी काही बघावं लागलं नाही. गर्दीतून वाट काढत तो जवळ आला आणि माळांकडं हात नेला. कस्तुराबाईनं त्याचं मनगट धरलं. भिंगाआडचा तिचा एकच डोळा त्याला बशीएवढा दिसला.

"आता नगा," ती म्हणाली.

तो थांबला. मागून पोरांनी त्याच्यावर गुलाल टाकला, "नाचा की डाक्टर!" म्हणून ढकललं. तो पाराकडं परतला आणि बॅग मांडीवर घेऊन बसला.

बँडवाला तयारीचा माणूस होता. नवरदेवाची घोडी तालात आली की तिला सोडायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बत्ताशीच्या मानेकडं नीट बघितलं, तिचं डावं-उजवं मोजून घेतलं, आणि ड्रमवाल्याला खूण केली. ठोका तिच्या मानेवर बरोबर पडायला लागला. गावानं शिट्ट्या मारल्या. मग त्यानं ताल जरा चढवला. आवाजानं भेदरून बत्ताशी मान आणखी भराभर वळवायला लागली, आणि लोक म्हणाले, असली नाचणारी घोडी उभ्या जन्मात बघितली नाही.

"वाजवा!" आबाराव ओरडला. "थांबू नगा, वाजवा!"